बाटलीतली शांतता आणि बाजारातल्या तुरी

माणसाला तरतरी हवी असते तशी शांतताही हवी असते, आणि या दोन्ही गोष्टी दुकानात विकत मिळाव्यात अशी त्याची जुनी हौस आहे. तरतरीचा बाजार आपल्याकडे केव्हाच बसला. वाशिमच्या बसस्थानकापासून मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या टपरीपर्यंत कुठेही जा, फ्रीजच्या काचेमागे उत्तेजक पेयाच्या बाटल्या ओळीने उभ्या दिसतात. शाळकरी पोरे त्या इतक्या पिऊ लागली की शाळेपासून पाचशे मीटरच्या आत जादा कॅफिनची पेये विकू देणार नाही, अशी घोषणा राज्याच्या मंत्र्यांना २०२४ च्या जुलैत विधिमंडळात करावी लागली.

आता याच फ्रीजमध्ये दुसऱ्या जातीची बाटली येऊ पाहते आहे. ती चढवत नाही, उतरवते. डोके शांत करते, ताण हलका करते, झोप लावते, असे तिचे म्हणणे. परदेशात अशा पेयांना ‘रिलॅक्सेशन ड्रिंक’ म्हणतात. सकाळी तरतरी आणि रात्री शांतता, दोन्हीचा गल्ला एकच! बाजाराची ही हुशारी पाहून मला गंमत वाटली होती. पण हा विषय शहरातल्या हौशी लोकांचा राहिलेला नाही. तो आपल्या वावरात शिरला आहे.

आमच्या भावकीतल्या एका तरुणाने मला सरळच विचारले, “काका, मोबाइलवर सांगून राहिले का या शांत झोपेच्या ड्रिंकचं लय मार्केट हाये म्हणून. त्यात आस्कंद लागते म्हंते. लावू का दोन एकर?” आस्कंद म्हणजे अश्वगंधा. पोरगा शिकलेला, हिशेबी. सोयाबीनच्या भावाने मात्र त्याला हैराण केले होते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात हर्रासाची बोली त्याच्या कितीतरी खाली थांबत होती. अशा वेळी माणूस नव्या पिकाकडे आशेने पाहणारच. मी त्याला लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आज सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

औषधाच्या दुकानातून थंड बाटलीत

पेयातून मनाला आराम, ही कल्पना नवी नाही. १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषधविक्याने जे सरबत बनवले, ते सुरुवातीला थकल्याभागल्या मेंदूचे टॉनिक म्हणूनच विकले गेले. पुढे त्याचे कोकाकोला झाले. १९२९ साली सेंट लुईसमध्ये निघालेल्या लिंबाच्या एका सोड्यात तर लिथियमचे क्षार घातलेले असत. मानसिक आजारावर डॉक्टर आजही ज्या लिथियमची गोळी देतात, तेच हे. १९४८ साली ते काढून टाकण्यात आले. त्या सोड्याला आपण आज सेव्हन-अप म्हणतो.

म्हणजे शांततेची बाटली आधी आली आणि उत्तेजनाची नंतर, असे म्हणायलाही हरकत नाही. १९८७ साली ऑस्ट्रियात रेड बुल निघाले आणि जगभर तरतरीची लाट आली. त्या लाटेला उत्तर म्हणून २००८ च्या सुमारास अमेरिकेत आराम देणारी पेये पुन्हा दिसू लागली. त्यांत ‘ड्रँक’ नावाचे पेय गाजले. त्यात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित द्रव्य होते. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला पत्र धाडले की, मेलाटोनिन पेयात मिसळायला मंजुरी नाही. मोठ्या कंपन्या यातून धडा शिकल्या. पेप्सिकोने २०२० साली ‘ड्रिफ्टवेल’ नावाचे पेय जाहीर केले, तेव्हा त्यात मेलाटोनिन नव्हते. त्यात मॅग्नेशियम होते आणि २०० मिलिग्रॅम एल-थियानिन होते.

हे थियानिन म्हणजे काय? तर आपल्या चहाच्या पानातलेच एक द्रव्य. जपानमध्ये १९४९ साली ते चहातून वेगळे काढण्यात आले. चहा एकाच वेळी तरतरीही देतो आणि निवांतपणाही, याचे थोडेफार श्रेय शास्त्रज्ञ त्याला देतात. पण आपल्या कपभर चहात ते मोजक्या मिलिग्रॅममध्येच असते. म्हणून दुपारच्या चहाने झोप लागत नाही, उलट उडते.

घरातली जुनी औषधे

आपल्या घरांना या कल्पनेचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. झोप येत नसेल तर जायफळ उगाळून दुधात, उन्हाने डोके तापले तर कैरीचे पन्हे, पोटात आग पडली तर सब्जा घातलेले सरबत, माठात वाळ्याची जुडी आणि जेवणानंतर मठ्ठा. वऱ्हाडातला उन्हाळा या आधारावरच निघतो. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने १९०७ साली काढलेले रूह अफ्जा हेही उन्हाळ्यात जिवाला थंडावा देणारे सरबत म्हणूनच लोकांच्या घरात शिरले.

आणि आस्कंद? ती तर मराठी माणसाच्या अगदी पहिल्या वहिल्या ओळखीची. आजीच्या बाळगुटीच्या डबीत हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ आणि हळकुंडाच्या जोडीला आस्कंदाचे मूळ असे. सहाणेवर प्रत्येकाचे मोजून एकदोन वेढे. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकलेच पाहिजे. पण आजीच्या सहाणेवरची एक गोष्ट विसरू नये. ती मापाची पक्की होती. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर पोर गुंगीत जाते, हे तिला ठाऊक होते. बाटलीवाल्याने निदान एवढे तरी शिकावे.

आस्कंदाचा गुण खरा की नुसती ऐकीव गोष्ट? २०१२ साली आपल्याच देशात ६४ ताणग्रस्त प्रौढांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, असे साठ दिवस दिल्यावर ताण कमी झाल्याचे दिसले. नंतरही असे छोटे छोटे अभ्यास झाले आहेत. पण त्यांतली एक गोष्ट ध्यानात घ्या. ठरलेली मात्रा, रोज, दोन महिने. लग्नाच्या पंगतीत किंवा प्रवासात एक बाटली घशाखाली उतरवली आणि शांत झालो, असा तो प्रकार नाही.

एका एकरात किती बाटल्या?

आता कास्तकाराच्या हिशेबाकडे वळू. मोबाइलवरच्या व्याख्यानांत हा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मी पाटीवर मांडून पाहिला. आकडे मुद्दाम सोपे धरले आहेत, कुणीही ताडून पाहावेत.

आस्कंदाचे वाळलेले मूळ एकरी साधारण दोन क्विंटल धरू. दहा किलो मुळीचा एक किलो अर्क धरला, तर दोन क्विंटलचा वीस किलो अर्क. एका बाटलीत ३०० मिलिग्रॅम अर्क घातला, तर या वीस किलोत भरतील छासष्ट हजारांवर बाटल्या. एका एकरात! दहा लाख बाटल्या खपवणाऱ्या कंपनीला वर्षाला लागणार जेमतेम पंधरा एकरांचा माल. खप एक कोटी बाटल्यांवर गेला तरी दीडशे एकर. एवढी जमीन आपल्याकडच्या एका लहान गावाच्या शिवारात सहज सापडते.

उलट बाजूने पाहा. वाशिम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन सुमारे तीन लाख हेक्टरवर उभे असते. त्यातल्या शंभरात एका हिश्शाने जरी आस्कंदाचा विचार केला, तरी साडेसात हजार एकर होतात. त्यातून निघणाऱ्या अर्काला पन्नास कोटी बाटल्या लागतील. तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने वर्षाला चार बाटल्या प्यायल्या, तर कुठे त्या संपतील. आस्कंदाची चूर्णे, गोळ्या, निर्यात हे सारे वेगळे आहे आणि मुळीचा मोठा खप तिथेच आहे, हे खरे. पण पेयाच्या नावाने जी हवा भरली जाते आहे तिचा आकार हा एवढाच.

आता पैशाचे बघू. मुळीला किलोमागे तीनशे रुपये भाव मिळाला असे समजा. एका बाटलीला लागते तीन ग्रॅम मूळ. म्हणजे नव्वद पैसे. बाटली शंभर रुपयांना विकली जाईल. त्यात कारखाना, बाटली, साखर, वाहतूक, दुकानदार, कर आणि जाहिरात या सगळ्यांचे वाटे. जाहिरातीत हिरवेगार शेत आणि फेटेवाला शेतकरी दिसेल, पण शंभरातला एक रुपयाही त्याच्या हाती पडणार नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण आपल्याच तुरीच्या मुलखाला बरोबर लागू पडते.

जमिनीचाही विचार हवा. आस्कंदाला हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. आपल्या काळ्या भारी वावरात पाणी साचले की मूळ सडते आणि खणताना तुटते. तुटक्या, बारीक मुळीला भाव कमी. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडचे शेतकरी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात. तिथे बाजार आहे, पारखणारे व्यापारी आहेत, मुळीची प्रतवारी करणारे हात आहेत. आपण त्या शर्यतीत उतरायचे तर कुठून सुरुवात करायची, हे आधी ठरवावे लागेल.

दूरच्या कचेरीतला एक कागद

अशा पिकांना आणखी एक धोका असतो, आणि तो पावसापाण्याचा नसतो. प्रशांत महासागरातल्या फिजी आणि वानुआतू बेटांवर कावा नावाची वनस्पती होते. तिचे मूळ कुटून पाण्यात कालवायचे आणि चार माणसांनी बसून प्यायचे, ही तिथली जुनी रीत. प्याले की माणूस सैलावतो. युरोपात या कावाच्या गोळ्या ताणावर खूप खपू लागल्या आणि बेटांवरच्या शेतकऱ्यांनी लागवड वाढवली. मग यकृताला इजा झाल्याच्या काही तक्रारी पुढे आल्या आणि २००२ साली जर्मनीने कावाच्या औषधांची परवानगी काढून घेतली. इतर देश मागोमाग गेले. निर्यात कोसळली. २०१४ साली जर्मनीच्याच न्यायालयाने ती बंदी योग्य नव्हती असा निकाल दिला. मधली बारा वर्षे शेतकऱ्याला कुणी भरून दिली?

आस्कंदालाही असे ढग दिसू लागले आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावले की मूळच वापरा, पाने वापरू नका. पान स्वस्त पडते, म्हणून काही जण त्याचाही अर्क काढून खपवत होते. अशी भेसळ एकजण करतो आणि बदनामी झाली की भाव सगळ्यांचा पडतो.

आणि आपल्याला फिजीपर्यंत जायचीही गरज नाही. शतक बदलत होते त्या सुमारास सफेद मुसळीचे काय झाले, हे विदर्भातल्या जाणत्यांना विचारा. आकोट-अंजनगावकडे मुसळी आणि पानपिंपरी घेणारे जुने जाणकार होते. पण मुसळी ‘पांढरे सोने’ म्हणून गाजली तेव्हा बेणे विकणाऱ्यांनी गावोगाव स्वप्ने विकली. बेण्याला सोन्याचा भाव, माल परत घेण्याची हमी. पीक निघाले तेव्हा हमी देणारे शोधून सापडेनात. बेणे विकणाऱ्याची चांदी झाली, लावणारा कर्जात गेला.

ही जोखीम इथे हलक्याने घेण्यासारखी नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होते. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीतही वाशिम आहे. ज्या घरात एका हंगामाची चूक सोसण्याची ताकद नाही, त्या घराला “करून तर बघा” असा सल्ला देणे हे पाप आहे.

वाशिमला जमलेली गोष्ट

मग काहीच करू नये का? तसे नाही. वाशिमने गेल्या काही वर्षांत एक नवे पीक बऱ्यापैकी जमवून दाखवले आहे, आणि तेही पेयाशीच नाते सांगणारे आहे. ते म्हणजे चिया. मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे हे बी आपल्या सब्ज्यासारखेच पाण्यात फुगते. झोप आणण्याचा गुण त्याच्यात नाही, आणि तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नये. पण पोटाला आधार देणारे, थंडाव्याच्या सरबतात घालायचे बी म्हणून शहरांत त्याला गिऱ्हाईक आहे.

आपल्याकडे चिया पसरला तो जाहिरातीमुळे नव्हे. रोही आणि रानडुकरे त्याला तोंड लावत नाहीत, हे पहिले कारण. रात्र रात्र मचाणावर जागणाऱ्या कास्तकारालाच याचे मोल कळते. पाणी कमी लागते, हे दुसरे. आणि सोयाबीन निघाल्यावर रब्बीत थंडीच्या तोंडावर पेरता येते, हे तिसरे. सुरुवातीला माल विकायला थेट नीमच गाठावे लागे. पुढे वाशिमच्या बाजार समितीतच चियाची खरेदी सुरू झाली. माझ्या मते खरी मजल ही आहे. पेरा वाढला म्हणून पीक रुजत नाही. घराजवळ हर्रास, डोळ्यांदेखत वजनकाटा आणि हातात चुकारा, हे जमले की ते रुजते.

हिशेब इथेही सावधच करावा. एका बाटलीत दहा ग्रॅम बी धरले आणि एकरी चार क्विंटल उतारा धरला, तर एका एकरातून चाळीस हजार बाटल्या होतात. म्हणजे चियाचाही समुद्र नव्हे. दरवर्षी पेरा दुप्पट करत गेलो तर भाव खाली येणारच. म्हणून आता जोर द्यायला हवा तो पेऱ्यावर नव्हे, तर बियाण्याच्या सफाईवर. माती, काडी, ओलावा काढून, चाळणी मारून, प्रत लावून पाव किलोच्या पाकिटात भरलेला माल आणि पोत्यातला माल यांच्या भावात फार मोठे अंतर असते. ते अंतर आज दुसऱ्याच्या खिशात जाते. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा लहान उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, असे कर्जाला जोडलेले अनुदान ठेवलेले आहे. बचत गट आणि शेतकरी कंपन्या यांच्यासाठी ही जागा आहे.

पेयच बनवायचे असेल तर आपल्या देशातले एक उदाहरण बोलके आहे. हेक्टर बेव्हरेजेस या कंपनीने २०११ साली ‘त्झिंगा’ नावाचे तरतरीचे पेय काढले. तिचे नाव घरोघरी झाले ते मात्र २०१३ साली काढलेल्या ‘पेपर बोट’मुळे, म्हणजे कैरीचे पन्हे आणि जलजिरा विकून. लोकांनी पैसे मोजले ते ओळखीच्या चवीसाठी. शांत झोपेचे वचन तिथे नव्हते, म्हणून ते मोडण्याचाही प्रश्न नव्हता. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या फसफसत्या पेयांवर चाळीस टक्के जीएसटी आहे. सोडा भरून आस्कंद विकू पाहणाऱ्याने हेही गणितात धरावे.

आमच्या त्या तरुणाला मी अखेर चार प्रश्न लिहून दिले. माल घेणारा कोण आहे आणि तो लेखी देतो का? बेणे विकणारा आणि माल घेणारा एकच तर नाही ना? तुझ्या वावरातली हलकी जमीन किती? आणि सगळेच फसले तर त्या वर्षी घर कशावर चालेल? चारही उत्तरे पटली तर अर्धा एकर लाव, दोन नको. त्याने हलक्या माळावर अर्धा एकर धरला आहे आणि बाकी रब्बीत हरभरा व चिया ठेवला आहे. आस्कंदाचे काय होते ते मूळ खणल्यावर कळेल.

पिणाऱ्याने काय पाहावे?

शेवटी पिणाऱ्यांसाठी चार शब्द. बाटलीचे पुढचे चित्र पाहू नका, मागचे बारीक अक्षर वाचा. अर्क किती मिलिग्रॅम आहे आणि तो मुळीचा आहे का, हे लिहिलेले नसेल तर बाटली परत ठेवा. साखर किती ग्रॅम आहे ते पाहा. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा, असे मोजले की डोळे उघडतात. गरोदर बायांनी, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय आस्कंद घेऊ नये. लहान मुलांना तर देऊच नये. नावावर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणारी गोड पेये ‘ओआरएस’ या नावाने वर्षानुवर्षे विकली गेली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरायला मनाई केली, ती एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी आठ वर्षे लढा दिल्यावर.

आणि रात्रीमागून रात्री झोप येत नसेल, जीव घाबरा होत असेल, कर्जाचा विचार डोक्यातून जात नसेल, तर ते बाटलीचे काम नव्हे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. घरातल्या कर्त्या माणसाला हा नंबर लावून देणे, त्याच्याजवळ बसणे आणि गरम दुधाचा पेला त्याच्या हाती देणे, एवढे आपल्याला आज रात्रीही करता येईल. जायफळ घातले तर चिमूटभरच घाला.